पक्षाघाताच्या रुग्णाची काळजी आणि स्मार्टफोनवरची अ‍ॅप्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पक्षाघात (स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बंद पडणं किंवा मेंदूत रक्तस्राव होणं) झालेल्या रुग्णांसाठी आहे, घरी त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे आणि रुग्णालयात या रुग्णांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीही आहे. प्रश्न साधारण आजाराच्या क्रमाने मांडले आहेत: आधी झटका, मग रुग्णालय, मग घर. औषध किंवा त्याचा डोस बदलायचा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारून बदला.

समोरच्या माणसाला आत्ता पक्षाघात होतोय असं वाटतंय. कोणतं अ‍ॅप उघडू?

कोणतंही उघडू नका. आधी आपत्कालीन रुग्णवाहिकेला फोन लावा. चेहऱ्याची एक बाजू ओघळली आहे, एक हात वर धरला की खाली येतो, बोलणं अडखळतंय किंवा भलतंच येतंय, अचानक तोल गेला, अचानक दिसेनासं झालं, यातलं एक लक्षण पुरेसं आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने काढण्याची प्रक्रिया काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत करता येते, पण म्हणून थांबायला वेळ आहे असं समजू नका. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात.

रुग्णवाहिका येईपर्यंत फोनचा खरा उपयोग तीन कामांसाठी करा.

पहिलं काम वेळेचं. डॉक्टर सर्वांत आधी विचारतील की रुग्णाला शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं. रुग्ण सकाळी उठला तेव्हाच हात लुळा होता, तर सकाळी उठण्याची वेळ सांगू नका. रात्री तो नीट बोलत होता ती वेळ सांगा. कुणालाच नक्की आठवत नसेल तर रुग्णाचा फोन पाहा. शेवटचा कॉल किती वाजता केला, शेवटचा व्यवस्थित संदेश कधी पाठवला, यावरून ती वेळ पुष्कळदा पकडता येते.

दुसरं काम, चालू असलेल्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची गोळी केव्हा घेतली तेही लिहून ठेवा, कारण इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरू शकतं.

तिसरं, दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. लक्षणं मधेच ओसरली तर डॉक्टरांना दाखवायला तोच पुरावा उरतो. मात्र लक्षणं ओसरली तरी रुग्णालयात जायचंच.

अ‍ॅस्पिरिन देऊ नका. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. घरातल्या यंत्रावर रक्तदाब जास्त दिसला म्हणून रक्तदाबाची गोळीही देऊ नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा नको.

फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा आणि आवाज तपासून ‘पक्षाघात आहे का’ सांगणारी अ‍ॅप्स मिळतात. त्यांचं ऐकावं का?

‘आहे’ म्हणालं तर ऐका. ‘नाही’ म्हणालं तर अजिबात ऐकू नका. अशी अ‍ॅप्स चेहरा, हात आणि वाचा यांवर बेतलेली असतात. मेंदूच्या मागच्या भागात जाणारी रक्तवाहिनी बंद पडली तर चेहरा सरळ राहू शकतो, दोन्ही हात वर उचलता येतात, आणि रुग्णाला दिसतं ते फक्त गरगरणं, एकाचे दोन दिसणं, सरळ उभं न राहता येणं. तिथे अ‍ॅप फसतं. उलट बाजूने, अर्धवट उजेडात काढलेला फोटो, तोंडातली कवळी काढलेली असणं किंवा पूर्वीपासून थोडं वाकडं असलेलं तोंड यामुळे खोटा इशाराही येऊ शकतो. रक्तातली साखर फार कमी झाली तरी पक्षाघातासारखीच लक्षणं दिसतात, आणि कॅमेऱ्याला साखर मोजता येत नाही.

लॉक स्क्रीनवर काय असावं?

आयफोनवर ‘हेल्थ’ अ‍ॅपमध्ये ‘मेडिकल आयडी’, अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या सुरक्षा आणि आपत्कालीन विभागात ‘इमर्जन्सी माहिती’. फोन कुलूपबंद असतानाही ती दिसेल असा पर्याय चालू करा. भरायची माहिती: पूर्वी पक्षाघात झाल्याचा महिना आणि वर्ष, कोणती बाजू आधीपासून अशक्त आहे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं नाव, ज्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे ती औषधं, हृदयात पेसमेकर आहे का, आणि दोन माणसांचे फोन नंबर. ‘कोणती बाजू आधीपासून अशक्त’ हे बहुतेक जण लिहायचं विसरतात. पुन्हा झटका आला आणि रुग्ण एकटा सापडला, तर नवी कमजोरी कोणती आणि जुनी कोणती हे ठरवायला ही एक ओळ फार उपयोगी पडते.

बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी एसओएसही जुळवून ठेवा. अनेक नव्या अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पाच वेळा दाबून मदत मागता येते, आयफोनवरही तसा पर्याय आहे. रुग्णाच्या धडधाकट हाताने ते जमतं का हे सेटिंग करतानाच त्याच्याकडून करून पाहा.

रुग्णालयातली टीम पक्षाघातासाठी अ‍ॅप वापरते म्हणजे नेमकं काय करते?

मुख्य म्हणजे एकामागून एक होणारी कामं एकाच वेळी सुरू करते. जुन्या पद्धतीत आपत्कालीन विभागातला डॉक्टर मेंदूविकारतज्ज्ञाला फोन करतो, मग सीटी विभागाला, मग गुठळी काढणाऱ्या टीमला. अ‍ॅपवर एकच इशारा सगळ्यांना एकदम जातो. रुग्ण दारात येण्याची, सीटीची आणि इंजेक्शनची वेळ आपोआप नोंदली जाते आणि स्कॅन तज्ज्ञाच्या फोनवर उघडतो. दारात आल्यापासून 60 मिनिटांच्या आत इंजेक्शन देणं हे प्रचलित उद्दिष्ट आहे. चांगली केंद्रं ते अर्ध्या तासाच्या आत आणायचा प्रयत्न करतात.

जपानमध्ये डॉक्टरांना स्कॅन आणि निरोप एकमेकांना पाठवता येणाऱ्या ‘जॉईन’ या अ‍ॅपला 2016 मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कक्षेत घेतलं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2018 मध्ये ‘विझ’ कंपनीच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. ते सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) मोठी रक्तवाहिनी बंद असल्याची शंका आली की तज्ज्ञाच्या फोनवर इशारा पाठवतं. त्या मान्यतेचा अर्थ नीट समजून घ्यावा. सॉफ्टवेअर लक्ष वेधतं, निदान करत नाही. इशारा आला नाही म्हणजे रक्तवाहिनी उघडी आहे असं कुणी धरू नये; स्कॅन माणसाने पाहायचाच.

ही व्यवस्था बिघडते ती साध्या कारणांनी. ड्युटीचं वेळापत्रक अ‍ॅपमध्ये अद्ययावत केलेलं नसतं आणि इशारा सुट्टीवरच्या डॉक्टरला जातो. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतो. सीटीच्या खोलीत नेटवर्क पोचत नाही. एका वेळी दोन अ‍ॅप्सवर चर्चा चालते आणि अर्धे निरोप एका ठिकाणी, अर्धे दुसरीकडे राहतात. म्हणून नियम असा ठेवावा: इशारा पाहिल्याची पोच दोन मिनिटांत आली नाही तर थेट फोन करायचा, आणि तो कुणी करायचा हे आधीच ठरलेलं असावं.

सीटीच्या पडद्याचा फोटो काढून मेसेजवर पाठवला तर चालतो का?

घाईत सर्रास पाठवला जातो. मोठा रक्तस्राव त्यात दिसतो, पण इस्केमियाच्या (रक्तपुरवठा तुटल्याच्या) सुरुवातीच्या खुणा त्यात हरवू शकतात. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागातला फरक पुसट होणं, इन्सुला या मेंदूच्या आतल्या भागाची कड नाहीशी होणं हे बदल इतके सूक्ष्म असतात की पडद्यावरची चमक, कॅमेऱ्याने आणलेल्या लाटांसारख्या रेषा आणि मेसेजिंग अ‍ॅपने केलेलं आकुंचन यात ते सहज विरून जातात.

स्कॅनची मूळ फाइल (डायकॉम) उघडणारं अ‍ॅप असेल तर तेच वापरा, कारण त्यात पाहणाऱ्याला विंडो, म्हणजे करड्या छटांचा पल्ला आणि उजळपणा, स्वतः बदलता येते. मेंदूसाठी नेहमीची विंडो साधारण विड्थ 80, लेव्हल 40 असते. लवकरचा इस्केमिया शोधताना ती 40 विड्थच्या आसपास अरुंद करतात. फोटोत हे स्वातंत्र्य उरत नाही.

दुसरा मार्गच नसेल तर निदान इतकं करा. खोलीतले दिवे मंद करा आणि पडद्यावर कुणाचं प्रतिबिंब पडत नाही ना ते बघा. फोन पडद्याला समांतर धरा, फ्लॅश बंद ठेवा. एकच सुटा फोटो पाठवण्यापेक्षा कवटीच्या तळापासून वरपर्यंत सगळे काप सावकाश सरकवत व्हिडिओ घ्या, एकदा नेहमीच्या विंडोत आणि एकदा अरुंद विंडोत. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा म्हणजे ती आकसत नाही. रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक पडद्याच्या कोपऱ्यात असतो. तो चौकटीबाहेर ठेवा, पण मग हा कुणाचा स्कॅन आहे हे फोनवर तोंडी पक्कं करा. दोन रुग्णांच्या स्कॅनची अदलाबदल हा पुसट फोटोपेक्षा मोठा धोका आहे. पाहणाऱ्यानेही आपल्या फोनचा उजेड पूर्ण वाढवावा आणि रात्रीचा पिवळट फिल्टर बंद करावा.

व्हिडिओ कॉलवर मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाला तपासू शकतात का?

हो. पक्षाघाताची तीव्रता मोजणारी एनआयएचएसएस ही 0 ते 42 गुणांची मोजणी व्हिडिओवरून करता येते आणि गुण प्रत्यक्ष तपासणीशी बरेचसे जुळतात. अट एकच: रुग्णाशेजारी तपासणी जाणणारा माणूस हवा, कारण स्पर्शाची जाणीव आणि दोन्ही बाजूंचं एकदम भान तपासताना हात त्याचेच लागतात. फोन स्टँडवर आडवा ठेवा, उजेड रुग्णाच्या समोरून यावा, मागून नको. चेहरा आणि डोळ्यांच्या हालचालींसाठी जवळून, हातपायांसाठी लांबून, असे दोन कोन लागतात. हात उचलून धरायची चाचणी 10 सेकंदांची आणि पायाची 5 सेकंदांची असते. मधे नेटवर्क गोठलं तर ती चाचणी पुन्हा घ्या, अंदाजाने गुण देऊ नका.

औषधांचा गजर लावला होता, तरी वाजला नाही. का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि दोष बहुधा अ‍ॅपपेक्षा फोनच्या सेटिंगमध्ये असतो. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्यासाठी फोन पार्श्वभूमीतली अ‍ॅप्स झोपवतो. म्हणून गजराचं अ‍ॅप घातल्याबरोबर पुढची पाच ठिकाणं तपासा.

1. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी: ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा.
2. नोटिफिकेशनची परवानगी. अँड्रॉइड 13 पासून ती अ‍ॅपला मागावी लागते; घाईत ‘नाही’ दाबलं गेलं तर गजर मुकाच राहतो.
3. ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ ही वेगळी परवानगी. ती नसेल तर गजर ठरल्या मिनिटाला न वाजता मागेपुढे वाजू शकतो.
4. ‘न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून घ्या’ हा पर्याय त्या अ‍ॅपपुरता बंद करा. महिनोन्‌महिने अ‍ॅप उघडलं नाही की फोन परवानग्या परस्पर काढतो.
5. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये या अ‍ॅपला सूट द्या.

मग दोन मिनिटांनंतरचा खोटा गजर लावा, स्क्रीन बंद करून फोन बाजूला ठेवा आणि तो वाजतो का पाहा.

गजर वाजण्याइतकीच त्यातली माहिती बरोबर असणं महत्त्वाचं आहे. सौम्य पक्षाघातानंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या एकत्र बहुधा ठरावीक काळासाठीच, अनेकदा 21 दिवसांसाठी देतात आणि मग एकच पुढे चालू राहते. अ‍ॅपमध्ये शेवटची तारीख टाकली नाही तर गजर दोन्हींसाठी वाजत राहतो, माणूस इमानदारीने दोन्ही घेत राहतो आणि रक्तस्रावाचा धोका विनाकारण वाढतो. कागदावर ‘किती दिवस’ लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या आणि ती तारीख त्याच दिवशी भरा. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस दिवसागणिक वेगळा असू शकतो. अशा वेळी ‘गोळी घ्या’ एवढा गजर पुरत नाही, त्या दिवसाचे मिलिग्रॅम त्यात दिसायला हवेत. आयएनआरचा (रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या तपासणीचा) अहवाल आला की वेळापत्रक पुन्हा लिहायचं. राहून गेलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही, अ‍ॅप काहीही सुचवत असलं तरी.

शेवटचा मुद्दा विस्मरणाचा. पक्षाघातानंतर पुष्कळांना गजर ऐकून तो बंद केल्याचंच लक्षात राहतं, गोळी घेतल्याचं नाही. गजर बंद करायच्या आधी गोळ्यांच्या डबीचा आजचा कप्पा रिकामा करायचा, हा क्रम पहिल्या आठवड्यात शेजारी बसून अंगवळणी पाडा. ‘घेतली’ची खूण न आल्यास नातेवाइकाच्या फोनवर निरोप जाणारी अ‍ॅप्स एकट्या राहणाऱ्यांसाठी फार चांगली, मात्र त्या निरोपावर कोण हलणार हे आधी ठरवा.

रक्तदाबाची नोंद अ‍ॅपमध्ये कशी ठेवायची?

यंत्र दंडावर पट्टा बांधायचं हवं. नुसत्या फोनच्या कॅमेऱ्यावर किंवा मायक्रोफोनवर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या अ‍ॅप्सवर विसंबू नका. अशाच एका लोकप्रिय अ‍ॅपच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, रक्तदाब जास्त असलेल्यांपैकी चारपैकी तिघांहून अधिक लोकांना ते अ‍ॅप तो ठीक असल्याचं सांगत होतं.

पद्धत: मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा धडधाकट हाताच्या उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर. लुळ्या हातात स्नायूंचा ताण कमी-जास्त झालेला असतो, त्यामुळे तिथला आकडा फसवू शकतो. अडचण अशी की धडधाकट दंडावर पट्टा बांधायला लुळाच हात उरतो; मदतीला कुणी नसेल तर आधीच गोल आकारात असलेला कडक पट्टा घ्या, हात आत सरकवला की झालं. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. सलग सात दिवस असं करून पहिला दिवस वगळा आणि उरलेल्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. घरच्या मोजणीत 135/85 किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे रक्तदाब वाढलेला. पक्षाघातानंतर अनेक रुग्णांसाठी 130/80 च्या खाली हे लक्ष्य असतं, पण तुमचं लक्ष्य डॉक्टर सांगतील तेच.

ब्लूटूथच्या यंत्रात एक घोटाळा नेहमी होतो. घरातल्या दुसऱ्या कुणी तेच यंत्र वापरलं की त्याचे आकडे रुग्णाच्या नोंदीत शिरतात आणि सरासरी बिघडते. यंत्रावर वापरणारा 1 आणि 2 असा बदल असतो तो वापरा, नाहीतर पाहुण्यांचं मोजताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा.

घड्याळ किंवा फोन हृदयाची अनियमित लय पकडू शकतो का?

पकडू शकतो, पण शिक्कामोर्तब डॉक्टरांनी ईसीजी पाहूनच करायचं. एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित लयीमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि ती येते-जाते म्हणून रुग्णालयातल्या एका ईसीजीत निसटते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत चार लाखांहून अधिक लोक होते. त्यातल्या 0.52 टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा आला, आणि नंतर छातीवर पट्टी लावून तपासलेल्या अशा लोकांपैकी सुमारे 34 टक्क्यांत ही लय सापडली. बाकीच्यांत त्या दिवसांत ती सापडली नाही, म्हणजे ती नव्हतीच असं सिद्ध होत नाही. इशाऱ्याची छापील प्रत किंवा पीडीएफ डॉक्टरांकडे न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

एका हाताने घड्याळाचा ईसीजी काढायचा तर घड्याळ लुळ्या मनगटावर बांधा, तो हात टेबलावर उशीवर टेकवा आणि धडधाकट हाताचं बोट घड्याळाच्या कडेच्या गोल बटणावर 30 सेकंद ठेवा. उलटं केलं तर लुळं बोट टिकत नाही आणि रेघ थरथरते. शेजारच्याने आपलं बोट लावायचं नाही.

घरी व्यायामाचं अ‍ॅप कधीपासून वापरावं?

रुग्णालयातून घरी येताना फिजिओथेरपिस्टने व्यायाम ठरवून दिल्यावर. अगदी सुरुवातीच्या दिवसांत जास्त म्हणजे चांगलं असं नसतं: 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत पहिल्या 24 तासांत वारंवार आणि जोरात उठवल्या-चालवलेल्या रुग्णांचा निकाल नेहमीच्या उपचारापेक्षा कमी चांगला आला.

पुढे मात्र वारंवारता हाच उपचार असतो, आणि तिथे अ‍ॅप खूप मदत करतं, कारण माणूस कंटाळला तरी मोजणी थकत नाही. त्यातली उणीव ओळखून ठेवा. कॅमेरा हात किती वर गेला ते मोजतो; तो हात खांदा उचकून आणि कंबर झुकवून वर नेलाय हे त्याला कळेलच असं नाही. अशी वीस चुकीची आवर्तनं मोजली गेली की चुकीची सवय पक्की होते. त्यामुळे आठवड्यातून एकदा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ समोरून आणि एकदा बाजूने काढून थेरपिस्टला पाठवा.

जागा अशी मांडा: चाकं नसलेली, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून, फोन स्टँडवर, सुमारे दोन मीटर लांब, डोक्यापासून पावलांपर्यंत दिसेल असा, जमिनीवर चार्जरची वायर नको. 10-15 मिनिटांचे छोटे टप्पे घ्या. लुळा हात ओढून वर नेऊ नका आणि डोक्यावरच्या कप्पीला दोरी लावून तो खेचायचे व्यायाम टाळा, त्याने खांदा दुखावतो. खांद्यात कळ, छातीत दुखणं, धाप, नवी कमजोरी किंवा जोराची डोकेदुखी आली की थांबा. शेवटच्या दोन्हींत रुग्णवाहिकाच बोलवा.

चालताना फोन पाहायचा नाही. चालणं आणि स्क्रीन ही दोन कामं एकदम केली की तोल जातो. आवाजाने सूचना देणारं अ‍ॅप घ्या.

पावलं मोजणारं अ‍ॅप आकडा कमी का दाखवतं?

चाल फार सावकाश किंवा पाय घासत असेल तर फोनला पाऊल ओळखूच येत नाही. काठी धरलेल्या किंवा न हलणाऱ्या हातावरचं घड्याळही कमीच मोजतं. फोन धडधाकट पायाच्या बाजूच्या खिशात ठेवा आणि आकडा इतरांशी ताडू नका, मागच्या आठवड्याच्या आपल्याच आकड्याशी ताडा.

बोलता येत नाही, मग टाइप करून सांगता येईल ना?

आधी कोणती अडचण आहे ते स्पीच थेरपिस्टकडून समजून घ्या. उच्चारदोषात शब्द डोक्यात बरोबर असतात पण जीभ-ओठ साथ देत नाहीत. अशा माणसाला टाइप केलेलं वाचून दाखवणारं अ‍ॅप उत्तम. आवाजावर चालणारे सहायक मात्र त्याचं बोलणं पुष्कळदा ओळखत नाहीत. वाचाघातात भाषाच विस्कटलेली असते. त्यात लिहिणं, वाचणं आणि कधी समजणंही अडतं, त्यामुळे हातात कीबोर्ड देऊन ‘लिही ना’ म्हणणं हे त्याची दुसऱ्यांदा परीक्षा घेणं होतं. त्याला चित्रांचं अ‍ॅप द्या. एका पानावर सहा ते आठ चित्रं पुरेत, आणि ती अ‍ॅपमधल्या तयार रेखाचित्रांपेक्षा घरातल्या वस्तूंचे आणि माणसांचे खरे फोटो असावेत. ‘हो’, ‘नाही’, ‘दुखतंय’ आणि ‘तू चुकीचं समजलास’ ही चार बटणं प्रत्येक पानावर हवीत. चौथं बटण बहुतेक अ‍ॅप्समध्ये नसतं, स्वतः बनवा. त्याशिवाय रुग्णाला गैरसमज दुरुस्त करायला वाट राहत नाही.

शब्द आठवण्याच्या सरावाची अ‍ॅप्सही आहेत. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘बिग कॅक्टस’ चाचणीत 278 रुग्ण होते. 2019 मध्ये तिचे निष्कर्ष आले. घरी संगणकावर सराव केल्याने रुग्णांनी स्वतः निवडलेले शब्द आठवणं स्पष्ट सुधारलं, पण संभाषणात सुधारणा दिसली नाही. यावरून सरावाचे शब्द रुग्णाला रोज लागणारे निवडावेत, आणि रोज थोडा वेळ तेच शब्द वापरून गप्पा माराव्यात. परभाषेतलं अ‍ॅप भाषांतरित करून दिलं तर आवाज आणि शब्दांची लांबी जुळत नाही. त्यापेक्षा घरच्या माणसाच्या आवाजात आपल्याच भाषेत शब्दांची कार्डं तयार करा.

एका हाताने फोन वापरणं अवघड जातंय. काय बदलू?

बोटांचा ठसा पहिला बदला. ठसा पूर्वीच्या चांगल्या, आता लुळ्या पडलेल्या हाताचा असतो आणि माणूस स्वतःच्याच फोनबाहेर राहतो. धडधाकट हाताची दोन बोटं नोंदवा. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन ‘टच अँड होल्ड’चा वेळ वाढवा, अक्षरं मोठी करा, एका हाताचा कीबोर्ड चालू करा. बोलणं स्पष्ट असेल तर अँड्रॉइडवर ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’, आयफोनवर ‘व्हॉइस कंट्रोल’. फोन हातात धरण्याऐवजी न घसरणाऱ्या चटईवर किंवा स्टँडवर ठेवा.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना डावीकडचं जगच लक्षात येत नाही. त्यांची दृष्टी शाबूत असली तरी स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यातलं बटण त्यांच्यासाठी नसल्यासारखंच असतं. वाक्य मधूनच वाचायला लागतात आणि ‘यात काही अर्थ नाही’ म्हणून फोन ठेवून देतात. मदतीचा कॉल आणि औषधाचं अ‍ॅप उजवीकडे ठेवा. सरावासाठी स्क्रीनच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवा आणि वाचताना नजर आधी त्या लाल पट्टीपर्यंत नेऊन मग ओळ सुरू करायला सांगा.

उदासपणा मोजणारी प्रश्नावली अ‍ॅपमध्ये भरावी का?

भरावी. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते ‘आजारपणामुळे गप्प झालाय’ म्हणून दुर्लक्षिलं जातं. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत 10 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी बोला आणि रुग्णाला एकटं सोडू नका. वाचाघात असलेल्याला ही शब्दांची प्रश्नावली लागू पडत नाही. तिथे झोप, भूक, रडणं आणि उपचाराला नकार यांवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

रोज आरोग्याचे संदेश येणारं अ‍ॅप लावलं की दुसरा झटका टळतो का?

नुसत्या संदेशांनी टळतो असं दिसलेलं नाही. भारतातल्या ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते. निम्म्यांना लघुसंदेश, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुन्हा झटका येणं, हृदयविकार आणि मृत्यू मिळून दोन्ही गटांत फरक आढळला नाही. औषधं नियमित घेणं आणि व्यसन कमी होणं यात मात्र फायदा दिसला. संदेश ठेवा, पण त्यांच्या भरवशावर रक्तदाबाची तपासणी आणि डॉक्टरांची भेट चुकवू नका.

अ‍ॅप निवडताना आणि माहिती भरताना काय पाहावं?

बनवणारं कोण आहे, शेवटचं अद्ययावत कधी झालं, इंटरनेट नसताना चालतं का, नोंदी पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का. निदान किंवा उपचाराचा दावा करत असेल तर त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता आहे का ते पाहा. स्टोअरवरचे पाच तारे म्हणजे मान्यता नव्हे. औषधाच्या गजराला संपर्कयादी किंवा मायक्रोफोनची परवानगी लागत नाही, मागितली तर नकार द्या. रुग्णाचे व्हिडिओ आणि अहवाल कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. संमती द्यायला रुग्ण बोलू शकत नसला तरी त्याला दाखवून, मानेने होकार घेऊनच पाठवा. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनी स्कॅनचे फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप साठू नयेत यासाठी मेसेजिंग अ‍ॅपमधलं ‘मीडिया सेव्ह’ बंद करावं.

फोन हरवला, फुटला किंवा बंद पडला तर?

औषधांची यादी, डोस, संपण्याच्या तारखा आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर ठळक लिहून एक प्रत रुग्णाच्या पाकिटात आणि एक घराच्या दाराच्या आतल्या बाजूला ठेवा. औषध बदललं की अ‍ॅप आणि दोन्ही कागद एकाच बैठकीत बदला, आणि कागदावर बदलाची तारीख लिहा. नवा फोन घेतल्यावर जुन्यातले गजर सोबत आले असं धरू नका. अ‍ॅपमध्ये नोंदी आल्या तरी वर दिलेल्या पाचही परवानग्या नव्या फोनवर पुन्हा द्याव्या लागतात. जुना फोन पुसण्याआधी नव्या फोनवर एक पूर्ण दिवस सगळे गजर वाजलेले पाहा.